धानाच्या मुलखातील मधमाशी

इतिहास लिहिणाऱ्यास दप्तराचा आधार लागतो, आणि दप्तर लिहिणाऱ्यास ज्या वस्तूचे मोल ठरले आहे तिचीच नोंद करण्याची सवय असते. त्यामुळे ज्या गोष्टी विकल्या गेल्या, ज्यांवर सारा बसला, किंवा ज्यांवरून तंटा झाला, त्यांचा इतिहास आपणांस सविस्तर सापडतो. आणि ज्या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या बिनमोल व बिनबोभाट होत राहिल्या त्यांचा दप्तरात मागमूसही लागत नाही. पर्जन्याची नोंद आहे, कारण पीक आणि सारा त्यावर अवलंबून. वाघाची नोंद आहे, कारण त्याच्या शिकारीस बक्षीस होते. पण या फुलावरून त्या फुलावर जाणाऱ्या माशीने किती फळ धरविले, हे कोणत्या पाटलाने अगर कोणत्या कमिशनराने लिहून ठेवले? मधमाशी कमी होत चालल्याची हाकाटी अलीकडे पुष्कळ ऐकू येते. तिच्यातील खरे किती आणि अतिशयोक्ती किती, हे सर्व जगाच्या संबंधाने ठरविण्यापूर्वी एका लहानशा मुलखाच्या संबंधाने पाहावे, म्हणून आम्ही गोंदिया जिल्ह्यातील कुडवा आणि त्याच्या आसपासचा टापू विचारार्थ घेतला आहे.

कुडवा हे गाव गोंदिया शहराच्या इतके लगत आहे की, शहर कोठे संपले आणि गाव कोठे लागले हे नवख्यास सहसा कळू नये. ‘कुडव’ हे धान्य मोजण्याचे आपल्याकडील एक प्राचीन माप. संस्कृत ग्रंथांतही ते आढळते. गावाच्या नावाचा या मापाशी संबंध जोडण्याचा मोह होतो खरा. परंतु केवळ नामसादृश्यावर व्युत्पत्तीचे इमले बांधणाऱ्यांची होणारी फजिती आम्ही पुष्कळ पाहिली असल्याने तो मोह आवरतो. तथापि या परिसरातील सारे आयुष्य धानाच्या मापानेच मोजले गेले, एवढे म्हणण्यास व्युत्पत्तीची गरज नाही. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा मुलूख झाडीपट्टीचा. येथील पुष्कळसे तलाव कोहळी समाजाच्या बांधणीकौशल्याचे फळ. नवेगावचा बांध हे त्याचे ठळक उदाहरण होय. १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला, जमाबंदी होऊन मालगुजार गावांचे मालक ठरले, पुढे लोहमार्ग आला, गोंदियास जंक्शन झाले, भाताच्या गिरण्या उभ्या राहिल्या. स्वातंत्र्यानंतर मालगुजारी गेली, १९५६ साली हा प्रदेश मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला, आणि १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून अलग होऊन गोंदिया जिल्हा झाला. इतकी स्थित्यंतरे झाली, परंतु हिशेब मात्र अखंड धानाचाच राहिला.

आता धान ही वनस्पती अशी आहे की तिला माशीची गरज नाही. लोंबीतील फूल सकाळच्या प्रहरी थोडा वेळ उमलते. उमलण्याच्या सुमारासच त्यातील परागकोश फुटतात, आणि पराग बहुधा त्याच फुलाच्या कुक्षीवर पडतो. एका रोपाचा पराग दुसऱ्यास लागण्याचा प्रसंग शेकडा एखादाच. माशी धानाच्या बांधीत येते, लोंबीतला पराग गोळा करून नेते, पण धान तिचे कसलेही देणे लागत नाही. उद्या या मुलखातील एकूण एक मधमाशी नाहीशी झाली, तरी आधारभूत केंद्रावर येणाऱ्या पोत्यांत एकाचीही घट पडणार नाही. नेमक्या याच गोष्टीमुळे येथे एक विलक्षण दृष्टिभ्रम उत्पन्न झालेला आहे. काश्मीरच्या सफरचंदवाल्यास माशी गेल्याचे एका हंगामात कळते. आमच्या धानवाल्यास ते वीस वर्षांतही कळू नये अशी व्यवस्था त्याच्या पिकानेच करून ठेवली आहे. मुख्य पीक सुरक्षित आहे ना, मग इतर तक्रारी किरकोळ, असे समजण्याकडे शेतकऱ्याचा, व्यापाऱ्याचा आणि सरकारचाही कल असतो.

परंतु घर एकट्या तांदळावर चालत नाही. भातासोबत कालवण लागते, फोडणीला तेल लागते. धुऱ्यावर लावलेली तूर स्वतःच्या परागावर शेंग धरू शकते, पण माशी आली तर अधिक धरते. मोहरीचेही तसेच. कारळे तर स्वतःच्या परागाचा स्वीकारच करीत नाही. सातपुड्याच्या उतारावर आदिवासी शेतकरी जे कारळे पेरतो त्याच्या प्रत्येक दाण्यामागे कोणत्या तरी माशीची खेप असते. आणि वेलभाज्यांची गोष्ट याहूनही उघड आहे. भोपळा, दुधी, काकडी, कारले, दोडका या सर्वांच्या वेलींवर नरफूल वेगळे आणि मादीफूल वेगळे. नराचा पराग जड व चिकट असतो. वाऱ्याने तो उडून जात नाही. कोणी तरी तो नेऊन पोचवावा लागतो. पुरेसा पराग न पोचल्यास काकडी एका टोकास फुगते व दुसऱ्यास बारीक राहते, भोपळ्याचे कोवळे फळ पिवळे पडून गळते. शेतकरी म्हणतो, खत कमी पडले. दुकानदार म्हणतो, बुरशी आहे, आणि औषधाची आणखी एक बाटली देतो. शहराला लागून असलेल्या कुडव्यासारख्या गावात धानाच्या एका हंगामावर भागत नाही. भाजीपाला हेच रोजच्या रोकडीचे साधन. येथे माशीचा प्रश्न निसर्गप्रेमी मंडळींच्या हौसेपुरता उरत नाही, तो बाजाराच्या टोपलीशी येऊन भिडतो.

ही माशी म्हणजे एकच जात आहे, असे शहरी सुशिक्षितांस वाटते. आपल्याकडे मध करणाऱ्या माश्यांचे मुख्य चार प्रकार आहेत. आग्या माशी सर्वांत मोठी. उंच झाडाच्या फांदीस, कड्यास, आणि आता पाण्याच्या टाकीस व सरकारी इमारतीच्या सज्जासही ती एकच एक भले थोरले उघडे पोळे लावते. सातेरी माशी झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत अनेक समांतर पोळी बांधते आणि पेटीत राहण्यास तयार होते. फुलोरी चिमुकली, झुडपाच्या काटकीला तळहाताएवढे पोळे लावणारी. चौथी नांगी नसलेली माशी, मातीच्या भिंतीच्या फटीत डिंक व मेण यांची नळी काढून राहणारी. यांच्याशिवाय मध न साठविणाऱ्या, एकेकट्या राहणाऱ्या, जमिनीत अगर बांबूच्या नळीत बीळ करणाऱ्या माश्यांच्या व भुंग्यांच्या जाती असंख्य. शेवग्याच्या फुलास जो काळा भुंगा लागतो तो यांपैकीच. मध देत नसल्यामुळे या बिचाऱ्यांना नावे देखील धड मिळालेली नाहीत. पण परागाच्या कामात त्यांचा वाटा मोठा आहे.

मधाची नोंद मात्र आपल्या देशात फार जुनी. पचमढीच्या गुहांतील चित्रांत पोळ्यापर्यंत चढून मध काढणारी माणसे रेखाटलेली आहेत, आणि पचमढी काही आमच्या मुलखास परकी नव्हे. तो त्याच सातपुड्याचा माथा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारात ठेवावयाच्या पदार्थांत मध आहे. तो माशीचा कोणता व द्राक्षाचा कोणता, हेही त्याने वेगळे करून सांगितले आहे. सुश्रुताने मधाचे आठ प्रकार सांगितले व त्यांतील कित्येकांस माशीच्या जातीवरून नावे दिली. म्हणजे माशी-माशीतला फरक आमच्या पूर्वजांस चांगला ठाऊक होता. आमच्या कवींनी भ्रमराला रसिक म्हटले, चंचल म्हटले, प्रसंगी चोरही ठरविले. फूल देते आणि भ्रमर घेतो, हीच त्या नात्याची सर्वमान्य कल्पना. फुलालाही त्याची गरज आहे, हा विचार काव्यात क्वचित डोकावला असेल. हिशेबात तो कधीच आला नाही.

इंग्रजी अमलाने या बाबतीत जुनीच परंपरा अधिक कडक केली. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात ‘वनोपज’ या शब्दाची व्याख्या आहे. तीत मोहाची फुले आहेत, मोहाच्या बिया आहेत, लाख आहे, आणि जंगली जनावरांची कातडी, हस्तिदंत, शिंगे, हाडे यांच्याच पंक्तीस मध आणि मेण आहे. वाचकांनी ही संगत नीट पाहावी. ज्या वस्तू जंगलातून उचलून नेता येतात व ज्यांवर पैसा आकारता येतो, त्यांची ही यादी होय. मध त्या यादीत बसला, मेणही बसले. माशी फुलावर जे करते ते उचलून नेता येत नाही, सबब ते बसले नाही. स्वराज्यात २००६ साली वनहक्कांचा कायदा झाला आणि वनवासी लोकांचा गौण वनोपजावरील हक्क मान्य झाला. ही न्यायाची गोष्ट झाली, याविषयी आमच्या मनात शंका नाही. परंतु यादी पाहावी तर तीतही मध आणि मेण. मालक बदलला, खतावणीचे रकाने तेच राहिले.

फुलाच्या बाजूने या व्यवहाराकडे प्रथम पाहिले ते जर्मनीत. स्पांडाऊ येथील एक शाळामास्तर, क्रिस्तिआन कोन्राड श्प्रेंगेल याने १७९३ साली एक ग्रंथ प्रसिद्ध करून दाखविले की, फुलाचे रंग, त्यावरील रेषा व त्यातील मधु ही सर्व योजना कीटकास बोलावण्याकरिता आहे. त्याच्या समकालीनांनी त्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. पुढे डार्विनने त्याची योग्यता ओळखली, आणि १८७६ सालच्या आपल्या ग्रंथात परपरागाने झालेली रोपे स्वपरागाच्या रोपांहून बहुधा जोमदार निघतात, हे वर्षानुवर्षांच्या प्रयोगांनी सिद्ध केले. हे ज्ञान इंग्रजी राज्याबरोबर हिंदुस्थानात येऊ शकले असते. प्रत्यक्षात आली ती पेटी. अमेरिकेत लँगस्ट्रॉथने १८५१ साली पोळ्यांमधील मोकळ्या जागेचे नेमके माप शोधून काढले आणि हलत्या चौकटीची पेटी तयार केली. इकडे बंगालमध्ये तारखात्यातील जॉन डग्लस याने १८८४ साली हिंदुस्थानासाठी मधुमक्षिकापालनाचे पुस्तक लिहिले. पुढील शतकाच्या दुसऱ्या दशकात त्रिचनापल्लीच्या न्यूटन नामक पाद्र्याने सातेरी माशीच्या मापाची लहान पेटी बनवून दक्षिणेत तिचा प्रसार केला. १९२८ च्या शेतकी रॉयल कमिशनने हा धंदा कुटिरोद्योग म्हणून शिफारसला. १९३४ साली वर्ध्यास गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, त्याच्या कार्यक्रमात मधमाशी होतीच. नंतर महाबळेश्वरास सहकारी तत्त्वावर मधाचा उद्योग उभा राहिला आणि १९६२ साली पुण्यास केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था स्थापन झाली. या सर्वांचे कार्य निःसंशय मोलाचे. पण सर्वांचा भर पेटीवर, आणि पेटीचा भर मधावर. २०२० सालापासून केंद्र सरकारने ५०० कोटी रुपयांची योजना केली. परागाचा उल्लेख तिच्या उद्देशांत येतो हे कबूल केले पाहिजे, पण तिच्याही नावात मधमाशी ‘पालन’ आणि ‘मध’ असे दोनच शब्द आहेत.

पेटीत माशी असली म्हणजे निदान ती मेल्याचे कळते. १९७६ साली सातेरी माशीच्या अळ्यांना होणारा एक विषाणुजन्य रोग थायलंडमध्ये ओळखला गेला. १९७८ च्या सुमारास तो आपल्या ईशान्येस आला, आणि १९९१-९२ साली दक्षिण हिंदुस्थानात त्याने असा कहर केला की, कित्येक ठिकाणी शंभरांपैकी नव्वदांहून अधिक पेट्या ओस पडल्या. केरळ, कर्नाटक व तामिळनाडूतील हजारो कुटुंबे त्यात नागवली. हा इतिहास लिहिला गेला, कारण पेट्यांना धनी होते. अमेरिकेतही तेच. २००६ साली तेथील मधपाळांच्या पेट्यांतून कामकरी माश्या एकाएकी नाहीशा होऊ लागल्या. राणी आत, मध आत, आणि माश्या बेपत्ता. कॅलिफोर्नियाच्या बदामबागांना दर फेब्रुवारीत लाखो पेट्या भाड्याने लागतात. त्या बागायतदारांनी हाकाटी केली आणि जग जागे झाले. झाडीपट्टीतील आग्या माशीला धनी नाही, आणि फुलोरीला तर नाहीच नाही. त्यांच्यावर १९९१ सारखे संकट आले, तर त्याची फिर्याद कोणी नोंदवावयाची?

येथे एका गैरसमजाचा परामर्श घेणे अवश्य आहे. मधमाशी जगातून संपत आली आहे, असे सरसकट विधान वर्तमानपत्री लेखांतून वारंवार केले जाते, आणि मधमाशीनंतर मनुष्यजात चार वर्षांत संपेल असे एक वचन आइन्स्टाइनच्या नावावर खपविले जाते. त्या थोर भौतिकशास्त्रज्ञाच्या लेखनात ते कोठेही सापडत नाही. वस्तुस्थिती अशी की, जगातील पाळीव मधमाश्यांच्या पेट्या गेल्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकंदरीने वाढल्याच आहेत. घट आहे ती मुख्यतः रानटी माश्यांत व इतर कीटकांत, आणि ज्या पिकांस माशी लागते त्यांचे क्षेत्र तर पेट्यांहून अधिक वेगाने वाढले. २०१६ साली राष्ट्रसंघाच्या पुरस्काराने निघालेल्या जैवविविधताविषयक अहवालाने सांगितले की, जगातील प्रमुख अन्नपिकांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश पिके कमीअधिक प्रमाणात प्राण्यांकडून होणाऱ्या परागीभवनावर अवलंबून आहेत, मात्र वजनाच्या हिशेबाने पाहता एकूण उत्पादनाचा वाटा सुमारे एक-तृतीयांशच भरतो. उरलेले दोन-तृतीयांश बहुतांशी गहू, मका आणि आमचा तांदूळ! म्हणजे पोट भरेल, पण ताटातील भाजी, फळ, तेल आखडेल. कलकत्ता विद्यापीठाचे पार्थिब बसू व त्यांचे सहकारी यांनी सुमारे पंचेचाळीस वर्षांचे भारतीय आकडे तपासून असे दाखविले की, माशीवर अवलंबून नसलेल्या पिकांचे उत्पन्न वाढत गेले असता, माशीवर अवलंबून असलेल्या भाज्यांचे सापेक्ष उत्पन्न १९९३ नंतर कुंठित झाले किंवा घसरले. जो धोका आहे तो या स्वरूपाचा आहे. प्रलयाची भाषा त्यास झाकून टाकते.

आमच्या मुलखात माशी का घटावी, याची कारणे शोधण्यास फार दूर जावयास नको. पहिले कारण मधाचीच हाव. आग्या माशीचे पोळे रात्रीच्या वेळी पेटत्या पलित्याने झोडपून सबंधच्या सबंध कापून आणावयाचे, ही सर्वत्र चालत आलेली रीत. त्यात मधासकट अंडी, अळ्या व हजारो माश्या जातात. माशीही काही गरीब नव्हे. जबलपूरनजीक नर्मदेच्या संगमरवरी खडकांत नावेतून जाणाऱ्या दोन इंग्रज रेल्वे-अभियंत्यांवर एकोणिसाव्या शतकात आग्या मोहोळ उठले आणि त्यांतील एकाने पाण्यात उडी घेतली असता तो बुडून मेला, ही हकीकत इंग्रजी प्रवासवर्णनांतून आलेली आहे. आपल्या भाषेत ‘आग्या मोहोळ’ हा शब्द संकटाचा पर्याय होऊन बसला तो उगाच नव्हे. शहर वाढले की ही भीतीही वाढते; टाकीखाली पोळे दिसले की विषाचा पंप आणा, हाच एक उपाय सुचतो. आग्या माशी ऋतुमानाप्रमाणे शंभर-शंभर मैलांचे स्थलांतर करते आणि पुढील वर्षी पुष्कळदा त्याच झाडावर परत येते, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे रस्तारुंदीत तोडलेल्या एका जुन्या वडाची किंमत काय, हे ध्यानी येईल. दुसरे कारण वणवा. मोहफूल वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात, तेंदूस नवी पालवी फुटावी म्हणून रान पेटवितात. जमिनीत राहणाऱ्या माश्यांचा आणि कोवळ्या रोपांचा त्यात नाश होतो.

पण सर्वांत प्रबळ कारण धानाच्या बांधीतच आहे. ज्या पिकाला माशीची गरज नाही त्याच पिकाच्या रक्षणार्थ माशी मरते, हा या कथेतील खरा विपर्यास होय. तुडतुडे, खोडकिडा व गादमाशी हे धानाचे शत्रू. तुडतुड्यांवर जी औषधे सर्रास मारली जातात त्यांत इमिडाक्लोप्रिड व थायामेथॉक्झाम ही आहेत. ती झाडाच्या रसात भिनतात आणि फुलाच्या परागात व मधुरसातही उतरतात. युरोपीय संघाने २०१३ साली त्यांच्या वापरावर निर्बंध घातले आणि २०१८ साली उघड्या शेतातील त्यांचा वापर पूर्णपणे बंद केला. २०१२ साली फ्रान्समध्ये झालेल्या एका प्रयोगात माश्यांच्या पाठीस अतिसूक्ष्म खूणपट्ट्या चिकटवून त्यांना थायामेथॉक्झामची प्राणघातक नसलेली मात्रा देण्यात आली. त्या माश्या तेथल्या तेथे मेल्या नाहीत, पण बऱ्याच जणी घरी परतल्याच नाहीत. ज्या माशीच्या नृत्यातील दिशेची व अंतराची भाषा वाचून कार्ल फॉन फ्रिश याने १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळविले, ती घरची वाट विसरते! मेलेली माशी निदान पोळ्याखाली दिसते. वाट चुकलेली कोणास दिसत नाही. औषधांच्या बेसुमार वापराचा फटका माणसासही बसतो, हे विदर्भाने २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात पाहिले; तेथे फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. ते कापसाचे पीक होते, हे खरे. पण फवारणीची घाई आणि दुकानदाराचा सल्ला ही दोन्ही पिकांना सारखीच.

यावर कोणी म्हणेल, मग धान किड्यांच्या तोंडी द्यावयाचे काय? याचे उत्तर इंडोनेशियाने देऊन ठेवले आहे. तेथे तपकिरी तुडतुड्यांनी भातशेतीचा विध्वंस मांडला होता; औषध जितके मारावे तितके तुडतुडे वाढत. शास्त्रज्ञांनी शोधून काढले की, औषधाने तुडतुड्यांचे भक्षक कोळी व ढेकूण आधी मरतात, आणि तुडतुडे मोकळे सुटतात. १९८६ साली तेथील राष्ट्राध्यक्षांनी भातावर ५७ कीटकनाशकांच्या वापरास एका हुकुमाने बंदी केली व शेतकऱ्यांस शेतातच शिक्षण देण्याची व्यवस्था केली. भाताचे उत्पन्न त्यामुळे बसले नाही. म्हणजे धानाला माशी नको असली तरी माशीचे मरण धानाला हवे आहे, असेही नाही.

रानाची गोष्ट याहून गुंतागुंतीची. मोहाचे फूल रात्री उमलते आणि त्याच्या परागाचे काम मुख्यत्वे वटवाघळे करतात. तेव्हा माशी गेली म्हणून मोह जाईल असे म्हणणे अतिरेकाचे होईल. पण करंज, जांभूळ, चिंच यांची गोष्ट निराळी. यांची फळधारणा बव्हंशी माशीवर. फळ कमी म्हणजे बी कमी, आणि बी कमी म्हणजे जुने झाड पडल्यावर त्याच्या जागी नवे उगवणार नाही. झाडाचे आयुष्य शंभर वर्षांचे असल्याने रानातील ही तूट एका पिढीस दिसतच नाही. रान उभेच असते, केवळ म्हातारे होत जाते. नवेगाव-नागझिऱ्यास २०१३ साली व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळाला, तेथे वाघांची गणना काटेकोर होते. सारस पक्ष्यांचीही होते. महाराष्ट्रात हा पक्षी उरला तो बहुतेक गोंदिया व लगतच्या भंडारा या जिल्ह्यांतच, धानाच्या बांधींत आणि तलावांच्या काठी, आणि तोही काही डझनांपेक्षा अधिक नाही. सारस मोठा, देखणा आणि मोजता येण्याजोगा. ज्या बांधीतील विषाने त्याचे खाद्य आटले त्याच बांधीतून माशीही उठून गेली, पण तिच्यासाठी गणनेचा दिवस नेमलेला नाही.

चीनमधील सिचुआन प्रांतात हान्युआन म्हणून एक परगणा आहे. तेथे पेरूसारख्या दिसणाऱ्या नासपतीच्या बागा फार. औषधांच्या माऱ्याने माश्या येईनाशा झाल्यावर तेथील शेतकरी बांबूच्या काठीला पिसे बांधून, झाडावर चढून, फुलाफुलाला पराग लावतात. मजुरी स्वस्त होती तोवर हे परवडले. आमच्याकडेही कोहळ्याभोपळ्याचे नरफूल खुडून मादीफुलावर चोळण्याची युक्ती कित्येक भाजीवाल्यांस ठाऊक आहे. परसातील दोन वेलींस ती पुरते. एकरभर मांडवास रोज पहाटे इतके हात आणावयाचे कोठून?

उपाय म्हणून जे सांगितले जाते त्यांत भपकेबाज पुष्कळ आहे. आम्हांस त्यातील दोन-तीन साध्या गोष्टी विश्वसनीय वाटतात. आग्या माशीच्या पोळ्यात मध असतो तो फांदीलगतच्या वरच्या जाड भागात. अंडी व अळ्या खाली. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने मध काढणाऱ्यांस जाळीदार पोशाख घालून, धूर देऊन, केवळ मधाचा भाग कापण्याची व खालचे पोळे जागच्या जागी ठेवण्याची रीत शिकविली. पोळे जगते, आणि फुलोरा असला तर काही आठवड्यांनी त्याच पोळ्यातून पुन्हा मध मिळतो. वनहक्क मिळालेल्या ग्रामसभेस आपल्या रानापुरता असा नियम करता येईल. त्यास मुंबईच्या मंजुरीची वाट पाहावी लागू नये. धुऱ्यावर तूर, मोहरी, तीळ यांचे फूल आलटूनपालटून राहील असे पाहणे ही दुसरी गोष्ट. जुन्या शेतकऱ्यांच्या धुऱ्यावर हे आपोआप होते, अलीकडे धुरा तणनाशकाने साफ ठेवण्याची टूम निघाली आहे. तिसरी गोष्ट फवारणीच्या वेळेची. माश्या दिवसा हिंडतात, म्हणून औषध दिवस मावळल्यावर मारावे, हा नियम पुस्तकांत असतो व तो धानास आणि मोहरीस लागू पडतो. वेलवाडीत मात्र तो जशाचा तसा चालत नाही. भोपळ्याचे फूल पहाटे उमलून दुपारच्या आत मिटते. काकडीचे व कारल्याचे सकाळचे. दोडक्याचे व दुधीचे दिवस कलल्यावर उमलते, आणि दुधीवर रात्री पतंगही येतात. एकाच मांडवाखाली हे सर्व वेल असणाऱ्या कुडव्याच्या भाजीवाल्यास कोणता प्रहर मोकळा आहे, हे त्याच्या वेलींवरील फुलांकडे पाहूनच ठरवावे लागेल.